पाठीवरचं ओलं लुगडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी दुसरं काहीच लपवलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? खरंच माहीत नाही.

माझा स्वभाव मुळात शंकेखोर. दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत सिस्टर म्हणून काम करून तो आणखी पक्का झाला. चहूकडे कापसाचं रान. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट यायचे. औषध पिऊन आलेल्याच्या घरचे हमखास सांगायचे, फवारताना अंगावर सांडलं — पोलिसांची भीती, दुसरं काय? मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, कुणाला बनवता?

अशाच एका दुपारी सुनंदाला आणलं. नवी सून. शुद्ध जेमतेम, तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झालेल्या. सोबत सासू.

"बाई, फवाऱ्याचा पंप गळून राह्यला होता पाठीवर. तिनं काई पेलं नाई."

हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. इतकं घोकल्यासारखं काऊन सांगते ही? खोलीत पुरुषमाणूस आला की सुनेचा पदर ओढून तिची पाठ झाकायची. घरंदाज बाई कुठलीही झाकेल — पण मला वाटलं, काहीतरी लपवते आहे. मी सुनंदाच्या दंडांवर माराचे वळ शोधले. नव्हते. लुगडं ओलं लागलं. घामानं असेल, म्हटलं; औषधाचा वास तोंडाचाच धरला.

आम्हाला शिकवलेला पहिला नियम — औषध पोटात गेलेलं असो की अंगावर, आधी कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं. खरं-खोटं करत बसायचं नाही. आणि मी? मी खरं-खोटंच करत बसले. नळी घालून पोट धुतलं. पाणी स्वच्छ आलं. ज्वारीच्या भाकरीचे कण तेवढे, औषधाचा वाससुद्धा नाही. तरी माझा संशय हलला नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि विचारलं, अंग धुतलं ना? मी हो म्हणाले — धुतलं नव्हतं.

ती जराशी सावरायची, पुन्हा ढासळायची. सावरणार तरी कशी? विष पाठीला चिकटूनच होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली. मग तिचं लुगडं मीच उतरवलं. पाठ औषधानं चिकट झालेली, वास नाकात बसेल असा. मी अंग पुसलं. लुगड्याचं गाठोडं कचऱ्यासोबत जाळायला दिलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, प्यालेली असावी.

पुढच्या वर्षी भैंसा गावच्या बाजारात सुनंदाची सासू दिसली. मी वळणार, तेवढ्यात तिनं हात धरला. सासूच्या जाचानं सून विष प्याली, हे गावानं ठरवून टाकलं होतं. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं.

"तुमी होत्या ना बाई तिथं. तुमी आमच्या गावात येऊन सांगा, पेली नवती म्हनून. तुमचं आयकतील."

कुणी पाठवलं असेल हिला? — हेच आधी माझ्या मनात आलं. तेव्हाही.

"मला काय माहीत, मावशी," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

नळीतून आलेलं पाणी स्वच्छ होतं. मला माहीत होतं.