घरचं माणूस शेवटी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बाजाराच्या रस्त्याला, चपलांच्या दुकानाला चिकटून त्यांचं दुकान. आत एक मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि समोरच्या भिंतीवर मुलीचा पांढऱ्या कोटातला फोटो. त्या फोटोवर त्यांनी मुद्दाम वेगळा दिवा लावून घेतला होता. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं की त्याच्या डोळ्यांसमोर नेमका तो फोटो यायचा, आणि मास्तर टेप लावता लावता सुरू व्हायचे, "डोळ्यांची डॉक्टर आहे. परदेशात असते. पण वर्षातून एकदा येते हो, आपल्या लोकांसाठी." समोरचा बिचारा टाचण्यांमुळे हलूही शकत नसे, त्यामुळे त्याला सगळं ऐकून घ्यावंच लागे.

फुशारकी होती, पण खोटी नव्हती. लेक खरंच यायची. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलातली वर्षभराची रजा ती साठवून ठेवायची, आणि इथेच जन्मून तिकडे स्थायिक झालेले आणखी दोघं सोबत घ्यायची. एक भूल देणारा डॉक्टर, दुसरा यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनियर. नगरपालिकेच्या दवाखान्याचा वरचा मजला पंधरा दिवस त्यांच्या ताब्यात असे. सकाळपासून मोतीबिंदूची ऑपरेशनं, दुपारी तपासणी, संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टरला शिकवणं. परत गेल्यावरही दर आठवड्याला फोनच्या पडद्यावर सिस्टरच्या अडचणी सोडवणं चालूच. कुणाकडून एक पैसा नाही. गावातली कित्येक म्हातारी माणसं तिच्यामुळे पुन्हा नातवंडांची तोंडं बघत होती. हे तिचं काम सोन्यासारखं होतं, त्यात काही वादच नाही.

मास्तरांचाही त्यात हात होता. ऑपरेशनच्या वेळी तोंडावर टाकायच्या हिरव्या चादरी, मधे डोळ्यापुरतं भोक असलेल्या, त्या सगळ्या तेच शिवायचे. आणि शिबिराचे पंधरा दिवस दुकानाला कुलूप लावून दवाखान्याच्या जिन्याशी खुर्ची टाकून बसायचे. रांग सांभाळायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती, आणि ती ते डोळ्यांत तेल घालून पार पाडत. कुणी ओळख सांगून मधे घुसायला लागलं तर मास्तरांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू यायचा.

पहिल्याच वर्षी एक भानगड झाली होती. मास्तरांच्या मेहुण्याचा नंबर लवकर लागला आणि रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घरच्यांची सोय आधी, आम्ही काय, बसतो उन्हात." मास्तरांना ते फार लागलं. ते खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून माझ्या घरचं माणूस सगळ्यांच्या शेवटी. रांग संपल्यावर." त्या मेहुण्याला त्यांनी जिन्यावरून परत फिरवलं. लोक खूश झाले. लेकीलाही बापाचा अभिमान वाटला, आणि तिने तो नियम कायमचा करून टाकला. घरचं माणूस शेवटी. फक्त एक गोष्ट बापलेकीच्या लक्षात आली नाही. रांग कधी संपायचीच नाही.

मास्तरांच्या बायकोला मोतीबिंदू झाला तेव्हा तिने दोन वर्षं वाट पाहिली. मग ती एक दिवस शेजारणीला घेऊन सरळ जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात गेली आणि ऑपरेशन करून आली. डोळ्यावर पट्टी बघून मास्तरांचा पारा चढला.

"मुलगी डोळ्यांची डॉक्टर, आणि तू दुसऱ्याच्या दारात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हिला दिसायला लागलं," ती म्हणाली. "मला भाजी चिरताना बोट दिसत नव्हतं. तुमची रांग संपेपर्यंत बोटच उरलं नसतं."

पुढे बरेच दिवस मास्तर तिच्याशी धड बोलले नाहीत. तिने तेही मनावर घेतलं नाही. ती शहाणी बाई होती. घरात तेवढी एकच शहाणी होती म्हटलं तरी चालेल.

मास्तरांच्या स्वतःच्या डोळ्यांचं काय? तर त्यांचे डोळे म्हणजे गावात कौतुकाचा विषय. या वयात, बिनचष्म्याचे, पहिल्या झटक्यात सुई ओवायचे. फक्त अलीकडे हातून भांडी पडत होती. टेबलावर कोपराशी ठेवलेला कप धक्का लागून खाली जायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. रस्त्यावर सायकली कुठूनशा एकदम उगवायच्या आणि सायकलवालाच वर ओरडायचा, "मास्तर, बघून चाला की!" एका वर्षी तर हिरव्या चादरींचा गठ्ठा दवाखान्यात गेला, त्यातल्या निम्म्यांचं भोक एका बाजूला सरकलेलं होतं. लेक फोनवर हसत म्हणाली, "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं हल्ली?" आणि पुढच्या खेपेला तिने त्यांच्यासाठी न फुटणारा जाड मग आणला. त्यावर तिथल्या दुकानातून लिहून घेतलं होतं, 'आमच्या धांदरट बाबांसाठी'. सगळे पोट धरून हसले. मास्तरही हसले, आणि त्या दिवसापासून त्याच मगातून चहा घ्यायला लागले.

आपलं काहीतरी बिनसलंय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एका वर्षी शिबिराच्या शेवटच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले होते. रांग आटोपत आली तसे खुर्चीवरून उठून बाकाच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसले. तेवढ्यात लांबच्या खेड्यातून एका आजीबाईंना उचलून आणलं, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मास्तर उठले आणि त्यांनीच त्यांना बाकावर जागा करून दिली. आजीबाईंचं ऑपरेशन झालं तोवर खाली सामान भरायला गाडी आली होती.

"अरे बाबा, तुमचे डोळे बघायचे राहिलेच की!" लेक हातमोजे काढता काढता म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?" मास्तर म्हणाले. सदऱ्याच्या कॉलरला कायम टोचलेली सुई त्यांनी काढली आणि तिच्यासमोर दोरा ओवून दाखवला, एका झटक्यात. तिने बाबांना मिठी मारली आणि भूलवाल्या डॉक्टरला हाक मारून सांगितलं, "बघ, माझे बाबा!"

त्या क्षणी त्यांनी 'हो, बघ जरा' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. बोलले नाहीत. दमलेली पोर, खाली वाजणारा गाडीचा हॉर्न, विमानाची वेळ, यात आपलं कुठे घुसवायचं, असं त्यांना वाटलं. रांगेत घुसणाऱ्यांवर आयुष्यभर ओरडलेला माणूस तो. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायची तर सोयच त्यांनी स्वतः बंद केली होती. बायकोला एवढं बोलल्यावर कुठल्या तोंडाने जाणार?

यंदा इंजिनियरने तिकडच्या हॉस्पिटलातून एक वापरलेलं पण चांगलं यंत्र मिळवून आणलं. आत पांढरं अर्धगोल भांडं. त्यात हनुवटी टेकवून एका डोळ्याने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदूने बाजूची नजर किती खाल्लीय, ते त्यावर कळतं. सिस्टरला ते शिकवायचं होतं, आणि शिकवायला एक धडधाकट डोळ्यांचा माणूस हवा होता.

"बाबा, या, बसा. नमुना म्हणून," लेकीने जिन्याकडे हाक मारली.

मास्तर आनंदाने आले. इतक्या वर्षांत लेकीसमोरच्या त्या खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ. त्यांनी हनुवटी टेकवली, एका डोळ्यावर पट्टी बांधून घेतली. यंत्र सुरू झालं. मास्तरांनी एकदा बटण दाबलं. थोड्या वेळाने आणखी एकदा. मग नुसतेच बसून राहिले.

"बाबा, दिवा दिसला की दाबायचं."

"कळलंय गं. लागला की दाबतो."

"लागतोय ना! लक्ष द्या."

"नाही लागत. बंद पडलं बघ तुझं यंत्र."

इंजिनियरने वायर काढून परत लावली, बटण खोलून पाहिलं. वाटेत आदळलं असेल म्हणत कपाळावर हात मारला. मग सिस्टर बसली. तिचं बटण टकटक टकटक वाजत राहिलं. लेक स्वतः बसली. दिवे लागत होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे लागत होते.

ती खुर्चीतून उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. बापाला तिने पुन्हा बसवलं, दुसरा डोळा बघितला. मग डोळ्यांतला दाब मोजला, आत प्रकाश टाकून मागची नस बघितली. तपासून झाल्यावर ती तिथेच, बापाच्या पायाशी जमिनीवर बसली.

"कधीपासून, बाबा?"

मास्तर म्हणाले, "वय झालं म्हणायचं, दुसरं काय."

सांगितलं ते त्यांच्या बायकोने, घरी आल्यावर. कपांचं, चौकटीचं, सायकलींचं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "मी म्हणायचे, बघून चाला. रोज म्हणायचे. रागावून म्हणायचे गं." लेक ऐकत होती. दरवर्षी शिबिराच्या पहिल्या दिवशी ती लोकांना एक छोटं भाषण द्यायची. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने आत येतो, मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. वेळेवर आलात तर उरलेलं वाचतं. मास्तरांना ते भाषण पाठ होतं. रांगेतल्या लोकांना ते तेच ऐकवायचे आणि वर दम द्यायचे, "आळस करू नका."

औषधं सुरू झाली. उरलेलं टिकावं म्हणून एक छोटं ऑपरेशनही झालं, जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात. बापाच्या डोळ्याला हत्यार लावायला लेकीने आपण होऊन नकार दिला. मास्तर निमूट गेले. तोंडावर हिरवी चादर आली तेव्हा सवयीने त्यांनी कडेची शिवण बोटाने चाचपली. दुसऱ्या कुणाची तरी होती, सरळ आणि चांगली.

डोळ्यांचं दुःख त्यांना होतंच. पण त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. लेकीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ते एवढे जपले, आणि शेवटी तिच्या जिवाला असा घोर लावून बसले की तो कुठल्या औषधाने जाणार नव्हता. ती जेवत नव्हती. 'धांदरट बाबां'चा तो मग तिने फळीवर मागे, डब्यांच्या आड ठेवून दिला होता. मास्तरांनी तो शोधून काढला आणि हट्टाने त्यातूनच चहा घेतला. त्याने काय साधलं कोण जाणे. तिला ते आणखीच सहन होईना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्यावर त्यांच्या डाव्या हाताला येऊन बसली.

"बाबा, मी तिकडचं सगळं सोडते," ती म्हणाली. "इथेच येते. गावभर डोळे तपासत फिरले आणि माझ्या घरात... मी रोज तुमच्याजवळ बसेन."

मास्तर समोरच्या रस्त्याकडे बघत होते. हिला हसवायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"वेडी का काय तू? तिथे तुझा संसार आहे," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का? जवळ असलीस की तू मला तुकड्यातुकड्यांनी दिसतेस. तोंड बघावं तर हात सापडत नाहीत, हात बघावेत तर तोंड. फोनवर कशी, त्या एवढ्याशा चौकोनात अख्खी मावतेस. तुझा कोट, तुझ्या मागचं कपाट, सगळं दिसतं. तू जा आपली खुशाल. तिथूनच मला बरी दिसतेस."

आपण छान समजूत काढली असं त्यांना वाटलं, आणि ते तिच्या हसण्याची वाट बघू लागले. दारात त्यांची बायको उभी होती. तिला दिसत होतं की लेकीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबलाय आणि तिचे खांदे हलताहेत.

थोडा वेळ गेला. काहीच आवाज आला नाही.

"काय गं," मास्तरांनी समोर बघतच विचारलं, "उठून गेलीस की काय?"