कोळीच्या भाजीला घातलेलं पाणी

आमच्या जव्हारच्या घरामागे फणसाची दाट सावली आहे. तिथे मिरची येत नाही, वांगं येत नाही. सून म्हणाली, फरशी घालून टाकू. मी म्हटलं, सावलीत वाढणारंही काही असतं. आणि माहेराहून, सूर्यमाळच्या पाड्यावरून, कोळीच्या भाजीचे गड्डे आणून लावले.

ठाण्याकडे हिला फोडशी म्हणतात. पानं गवतासारखी, पण रुंद आणि बुडाशी पांढरी. मुळं बोटांच्या जुडग्यासारखी. औषधासाठी ती मुळंच खणून नेतात, त्यामुळे सूर्यमाळच्या रानात आता ही भाजी शोधावी लागते. हिला जपणं अवघड नाही. पानं खुडायची ती गाभा सोडून. काही रोपांना हात लावायचा नाही, त्यांना फुलं येऊ द्यायची. जुडगं फार दाटलं की फोडून लांब लावायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाऊस संपून पानं पिवळी पडली की तिला विसरून जायचं. ती मातीखाली झोपते. उन्हाळाभर तिथे थेंबभरही पाणी पडता कामा नये.

मागच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली. आम्ही तिला बाय म्हणतो. तिच्या पाड्यावरची विहीर आटली होती आणि तिच्या पायांवर सूज होती. दवाखान्यात सांगितलं, हृदय थकलं आहे, डोंगर चढायचा नाही. तिचा मुलगा कामाला भिवंडीकडे असतो. म्हणून ती माझ्याकडेच राहिली.

बायचा जन्म डोक्यावरून पाणी वाहण्यात गेला. नळाखाली ताट धुतलं की ते पाणी गटारात जाताना तिला बघवत नसे. ती ते तांब्यात धरायची आणि मागे घेऊन जायची. मला वाटायचं, फणसाला घालते. फणसाला नव्हती घालत. कोळीच्या वाफ्यात सुकलेली पानं पडली होती, ती बघून तिला वाटलं, बहिणीची भाजी वाळून चालली. ही भाजी तिने आयुष्यभर रानातून खुडून आणली होती, पण उन्हाळ्यात ती कशी दिसते हे बघायचं कारणच तिला कधी पडलं नव्हतं.

पाऊस सुरू झाला. शेजारणीकडे टाकळा उगवला. माझा वाफा तसाच काळा. मी माती उकरली तर हाताला चिकट, कुजका वास. मुळांचा लगदा झाला होता.

मी घरात येऊन सांगितलं, "बाय, तू मारलीस माझी भाजी."

"मी? मी तर पाणी घालत होते."

"त्यानेच मेली."

"पाण्यानं कोण मरतंय गं? आम्ही तर पाण्यावाचून मरायला टेकलेलो," असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली.

भाजी गेली त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. आमच्यात नव्या पावसाची कोळीची भाजी आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवतात. ती दाखवल्याशिवाय पावसाळ्यातली कुठलीच रानभाजी तोंडात घालायची नाही. माझ्या सासरी हे आता कोणी फार पाळत नाही. बाय पाळते. आणि तिचं जेवण तुटत चाललं होतं. डाळभात पुढे केला की तोंड फिरवायची. भूक लागायची ती फक्त रानभाजीची. शेजारचा टाकळा शिजला की वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून दाखवलं नाही." ती उपाशी जाणार, हे मला दिसत होतं.

सुनेने बाजारातून कोळीची जुडी आणली. पोर चांगल्या मनाने गेली होती. बायने जुडी हातात घेऊन परत ठेवली. "कोणाच्या हातची, काय माहीत. आपल्या हातानं खुडलेली लागते."

"मावशी, देवाला काय कळतंय?" सून म्हणाली.

"देवाला नाही कळत. मला कळतंय ना."

माझे गुडघे उताराला चालत नाहीत, रानात जाणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. मी वाफ्याकडे जाणंही सोडलं होतं. एक दिवस राख टाकायला गेले तर भिंतीच्या कडेला, दगडांच्या फटीत, तीन-चार कोंब दिसले. बायचा तांब्या तिथवर पोचला नव्हता. कोंब बारीक होते आणि गोगलगायी लागल्या होत्या. मी भोवती राख टाकली, ती पावसाने गेली. मग उजाडलं की बसायचं आणि एकेक गोगलगाय वेचून मिठाच्या पाण्यात टाकायची. सून म्हणाली, "आई, एवढ्याशा पाल्यासाठी?" मी पुढची गोगलगाय वेचली.

पानं वीतभर झाली तेव्हा मी बायला धरून मागे नेलं. तिने बघितलं. म्हणाली, "पाड्यावर कधी दाखवतात ते कळू दे. त्यांच्या आधी कसं?"

"त्यांना वेळ आहे."

"मग थांबू."

"देव थांबेल. तू थांबशील का?"

असं तिला कोणी बोललं नव्हतं. माझा मुलगाही तिच्यासमोर "बरं होईल" म्हणायचा. ती म्हणाली, "दाखवणार कोण? पुरुष माणूस लागतो."

"पोरगा ड्युटीवर आहे. आणि त्याला यातलं काय येतं? या घरात मोठी मी."

"तुला तरी काय येतं?"

"तू सांग, मी करते."

तिने भिंतीला टेकून पानं स्वतः खुडली, गाभा सोडून. मी ती बारीक चिरली, भिजवलेल्या डाळीत शिजवली, नागलीची भाकरी केली. फणसाखाली पानावर ठेवलं. बाय एकेका मेलेल्याचं नाव सांगत गेली आणि मी मागून म्हणत गेले. आमच्या आईच्या नावाशी ती अडली. मी तिथे थांबले नाही, पुढचं विचारलं.

मग ती जेवली. दुसऱ्याच घासाला म्हणाली, "मीठ कमी आहे." मी मीठ दिलं. त्याच संध्याकाळी तिने शेजारणीकडे टाकळा मागितला. तिथून पुढे टाकळा, करटोली, बाजारात जे दिसेल ते मी करून घातलं, आणि ती खात होती. थोडं, पण रोज.

पोळ्याच्या आधी ती गेली. जाताना पोटात अन्न होतं. मला तेवढंच हवं होतं.