तिसगावच्या मशीनचं मखमली कव्हर

"भाऊ, परत अडकलं बघा. दुपार झाली की बंदच पडतंय!" फोनवर सुनीताताई रडकुंडीला आल्या होत्या. तिसगावात त्यांचं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान. ऐन लग्नसराईत काम अडलं, तर गिऱ्हाईक पाथर्डीला जाणार आणि पुन्हा फिरकणार नाही.

मी तेव्हा नगरला दिल्ली गेटजवळ शेठच्या दुकानात कॉम्प्युटर जोडून द्यायचो. नव्वदीतला पेंटियमचा जमाना. ताईंना वेग हवा होता, पण महागडा प्रोसेसर झेपत नव्हता. म्हणून मी त्यांच्या मशीनचं ओव्हरक्लॉकिंग केलं. म्हणजे प्रोसेसर त्याच्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. १६६ मेगाहर्ट्‌झचा २०० वर नेला. सगळे सुटे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड त्यासाठी पारखून घ्यावा लागतो. मी निवडलेल्या बोर्डवर जम्पर, म्हणजे नखाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या, हलवून वेग आणि व्होल्टेज दोन्ही बदलता येत. उद्या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर आणला तरी तो त्यावर बसला असता.

शेठना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं.

"तुला म्हणलं होतं, साधा बोर्ड दे. आता बदल, स्पीड खाली आण आन् मोकळा हो."

"शेठ, इथे भर उन्हात चालवून बघितलाय. एकदाही अडकला नाही."

"मग तिसगावात काय भूत शिरलं त्यात?"

राग आला, तरी साधा बोर्ड पिशवीत टाकून पाथर्डीच्या एसटीत बसलो.

तिसगावात ताईंच्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागल्या. तेव्हा कॉम्प्युटरला तेवढा मान होता. आत टेबलावर कॅबिनेट दिसेचना. त्या जागी झालर लावलेलं निळं मखमली कव्हर, आणि त्याखालून निघालेल्या वायरी. मशीन चालू होतं.

"हे काय, ताई?"

"सासूबाईंनी शिवलंय! आमच्याकडं धूळ लई हाय ना. दिवसभर घालूनच ठेवते," ताई कौतुकाने म्हणाल्या.

कव्हर काढून कॅबिनेटला हात लावला आणि चटकन मागे घेतला. आतला पंखा तीच गरम हवा फिरवत बसला होता. जास्त पळवलेला प्रोसेसर मुळातच तापतो, त्यात त्याला हे पांघरूण! मला हसू आवरेना. जीव भांड्यात पडला होता.

मशीन उघडंच चालू ठेवलं. ऊन उतरेपर्यंत पत्रिका निघत राहिल्या. एकदाही अडकलं नाही.

"पण सासूबाई रुसतील हो."

"बंद केल्यावर मशीन थंड झालं, की घाला."

साधा बोर्ड शेठच्या टेबलावर तसाच परत ठेवला. तेव्हापासून बोर्ड निवडण्याआधी मी गिऱ्हाईकाला दोन गोष्टी विचारतो. प्रोसेसर कोणता टाकणार, आणि घरी शिवणकाम कोण करतं?