ॲल्युमिनियम कागदावर उमटतं

ॲल्युमिनियमबद्दल माझं मत पहिल्यापासून फारसं चांगलं नव्हतं. मी लोखंडाचा माणूस. रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नर होतो, वर्षानुवर्षं लेथसमोर उभं राहून पायाच्या शिरा फुगवून घेतलेल्या. लोखंडाचं कसं, काम झालं की तेलाचं बोट फिरवायचं आणि ठेवून द्यायचं. ॲल्युमिनियम म्हणजे पातेल्यांचा धातू. कापायला घेतला की हत्याराच्या टोकाला चिकटून बसतो, सारखं रॉकेल सोडत राहावं लागतं, आणि इतकं करून त्याचा काही भरवसा नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही जयपूरला होतो, स्टेशनमागच्या क्वार्टर्समध्ये. मागच्या व्हरांड्यात माझं स्वतःचं एक छोटं लेथ होतं, निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका फोरमनकडून घेतलेलं. बायकोचा त्या लेथवर राग होता, कारण त्याच्यामुळे कपडे वाळत घालायची दोरी अंगणात गेली, आणि जयपूरच्या धुळीत अंगणातले कपडे धुतले काय नि न धुतले काय, सारखेच. तरी रविवारी मी तिथेच असायचो. कुणाच्या कुकरची मूठ, कुणाच्या शिलाई मशीनचा दांडा, असं काहीतरी चालू असे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरकडचा एक फिटर राहायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच शॉपमधला. मी साताऱ्याचा आणि हिंदू, तो बौद्ध. गावाकडे असतो तर कदाचित आम्ही एकमेकांच्या घरी चहासुद्धा प्यालो नसतो, हे खरंच सांगायला हवं. जयपुरात मराठी बोलणारी घरं मोजकी, त्यामुळे भाजीची वाटी रोज इकडून तिकडे जायची. तो बोलायला कमी, अक्षर मात्र सुरेख. शॉपमधले अर्धे लोक रजेचे अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात जॅकवरून एक बोगी सरकली आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. दोन-अडीच महिने दवाखान्यात काढून तो परत आला, तेव्हा डॉक्टरांनी फिटरच्या कामाला नालायक ठरवून कागद दिला होता. आता त्याला दुसरं काहीतरी काम द्यायचं होतं. एक तर साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसायचं, नाहीतर स्टोअरमध्ये कारकुनी. कारकुनी हवी असेल तर तीन अधिकाऱ्यांसमोर बसून एक पान लिहून दाखवायचं आणि खाली सही करायची. तारीख पडली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

त्याच्या आधीच पगाराच्या खिडकीवर एक प्रकार झाला होता. बाबूने त्याचा हात पाहिला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. बाबूचं काही चुकलं नव्हतं, हात अधू असलेल्या सगळ्यांना तो तेच करायचा. हा मात्र पगार न घेता परत आला आणि आमच्या व्हरांड्यात येऊन बसला. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"माझ्या बापानं जन्मभर अंगठा देला," तो म्हणाला. "मले शाळेत घातलं ते याच्यासाठीच, का मले द्याव लागू नये. मी नाही देनार."

डाव्या हाताने लिहून बघ, असं मी म्हणालो. त्याने बघितलं होतं. खिशातून कागद काढून दाखवला. पहिलीतल्या पोराची अक्षरं. वर्षभराने जमलंही असतं, पण वर्ष कोण देणार होतं.

मग मी त्याच्यासाठी एक साधन करायचं ठरवलं. तळहातावर टोपीसारखं बसणारं, मनगटाला चामड्याच्या पट्ट्याने बांधायचं, त्यात पेन तिरकं अडकवायचं आणि अंगठ्याने बाजूने दाबायचं. पहिलं लाकडाचं केलं, ते तडकलं. दुसरं लोखंडाचं, त्याने पाच ओळींत हात थरथरायला लागला. म्हणजे फिरून पातेल्यांच्या धातूवरच येणं आलं. सोडाला भागातल्या कबाडीवाल्याकडून जाड ॲल्युमिनियमचा तुकडा आणला, आठवडाभर संध्याकाळी कापला, आतून पोखरून हलका केला. हातात घातल्यावर त्याने नुसती मान हलवली. बसलं होतं. अक्षरसुद्धा आलं, जरा मोठं, पण त्याचंच.

आणि पान भरल्यावर आम्ही दोघं कागदाकडे बघतच राहिलो. प्रत्येक ओळीवर राखाडी पट्टा. साधनाची टाच, म्हणजे खाली टेकणारी कड, कागदावरून घासत जात होती आणि उघडं ॲल्युमिनियम शिसपेन्सिलीसारखं कागदावर उमटत होतं. त्याचा तळवासुद्धा घामाने काळा झाला होता. इतक्या वर्षांचा टर्नर मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो.

पुढचे दोन आठवडे मी त्या टाचेच्या मागे लागलो. पॉलिश पेपर बारीक, त्याहून बारीक, रॉकेल लावून घासला. पितळेचं पॉलिश लावलं. आरशासारखं चमकायला लागलं आणि कागद आधीपेक्षा जास्त काळा करायला लागलं. मेणबत्तीचं मेण घासलं, ते हाताच्या उबेने निघालं. बायकोचं नेलपॉलिश लावलं, त्याच्या खपल्या पडल्या आणि मुलांनी जे हसायचं ते हसून घेतलं. रोज संध्याकाळी तो यायचा, एक पान लिहायचा, कागद उजेडाला धरायचा आणि घडी घालून ठेवायचा. त्याने एकदा तरी कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी मी डबे रंगवणाऱ्या शॉपमधल्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे गेलो. तो जयपूरचाच. त्याने मला आधी खुळ्यात काढलं. चमकवता कशाला, म्हणाला, चकचकीत अंगावर काही धरत नाही. एकाच दिशेने खरवडा, सोड्याने नको, साबणाच्या पाण्याने धुवा, मग बोटसुद्धा लावू नका, तसंच कोरडं ठेवा आणि बिनरंगी लॅकरचा पातळ हात द्या. पण वाळायला पुरता दीड दिवस हवा, तोवर घातलात तर सालासारखं निघेल. लॅकरची बाटली नवमीच्या दिवशी देतो म्हणाला. हिशेब बरोबर बसत होता. नवमीच्या संध्याकाळी हात द्यायचा, दसरा मध्ये, परवा सकाळी परीक्षा.

अष्टमीला रात्री मी ते साधन खरवडून, धुऊन, कोरड्या फडक्याने धरून लेथवर ठेवलं. मुलांना बजावलं की कुणी हात लावायचा नाही. हिला बजावायचं राहिलं.

वर्कशॉपात विश्वकर्म्याची पूजा आधीच होऊन गेलेली असायची, तिकडच्या रीतीप्रमाणे. खंडेनवमी फक्त आमच्यासारख्यांच्या घरी. दरवर्षी मी ड्यूटीवर गेलो की ही व्हरांडा धुऊन लेथची, कानशींची, व्हर्नियरची पूजा करून ठेवायची. त्या दिवशी मी लॅकरची बाटली घेऊन आलो तर सगळं मांडून झालं होतं. झेंडूची फुलं, अक्षता, आणि हळदकुंकू पाण्यात कालवून ओढलेली बोटं. लेथवर पाच. साधनावरसुद्धा पाच, सगळ्यांपेक्षा दाट.

पुजलेली हत्यारं दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत, असं आमच्याकडे. मी एरवी असल्या गोष्टींवर तोंडसुख घेणारा माणूस. त्या दिवशी पुसायला हवं होतं, आणि मी पुसलं नाही. त्याच्या पानाला अपशकुन माझ्या हातून नको, असं मनात आलं. उद्या दुपारी लावू, रात्रभरात वाळेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि बाटली कपाटात ठेवली. घाबरट कोण निघालं, ते उघडच आहे.

दसऱ्याला आपटा तिथे मिळत नसे. आम्ही खेजडीची पानं आणायचो, म्हणजे आपली शमी. ती वाटून झाल्यावर मी फुलं काढली आणि ओलं फडकं फिरवलं. हळद गेली, कुंकू गेलं, आणि त्याच्या खाली पाच काळपट बोटं जशीच्या तशी राहिली. कुंकवात चुना असतो. उघड्या, धुतलेल्या ॲल्युमिनियमला त्याने दिवसभर खाल्लं होतं. घासलं तर खरवडून काढलेल्या जागेवर खड्डे हाताला लागायला लागले. घाईघाईने लॅकरचा हात दिला, तर डागांवर तो पांढरा पडून सुरकुतला. सगळा पुसून काढला. तोवर चार वाजून गेले होते. आता लॅकर पुन्हा लावलं तरी सकाळपर्यंत वाळणार नव्हतं.

ही दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या भक्तीनं त्याचा दुसरा हात घेतला."

 माझ्या आयुष्यात मी बोललेल्या वाईट वाक्यांत हे वरच्या नंबरचं. पुसायचं सोडून मीही दिवसभर गप्प बसलो होतो, हे मी त्यात बोललो नाही. तिने साधन उचललं, पदरात धरलं आणि शेजारी गेली.

शेजारी त्या दिवशी घर भरलेलं होतं. दसरा म्हणजे त्यांचा वर्षाचा मोठा दिवस, धम्मदीक्षेचा. सगळे पांढऱ्या कपड्यांत, खिरीचा वास. त्यांच्या घरात हळदकुंकू नव्हतं, ते त्यांनी विचार करून सोडलेलं होतं, आणि ही नेमकी त्याचेच डाग घेऊन त्या सगळ्या माणसांत उभी राहिली. तिने सरळ सांगितलं की मी तुमच्या वस्तूला कुंकू लावलं आणि ती खराब केली. त्याने काय उत्तर दिलं ते तिने मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं, म्हणून ते शब्द मला पाठ आहेत.

"वहिनी, आमच्या घरी हे चालत नाही, तुमाले मालूम हाय. पन माझ्यासाठी लावलं, हेबी मले मालूम हाय. द्या इकडे."

तासभर ही आली नाही, तेव्हा मी गेलो. मला वाटलं होतं तिथे रडारड चालली असेल. दोघी बायका खाटेवर बसून शिवत होत्या. त्याच्या बायकोने पांढऱ्या सुती कापडाची पट्टी फाडून घेतली होती आणि ती साधनाच्या टाचेवर ताणून, मागून टाके घालून बसवणं चाललं होतं. शेवटचा टाका घालून हिने दोरा दाताने तोडला. त्याने हातात चढवलं आणि एक ओळ लिहिली. मग आणखी दोन. कागद कोरा पांढरा. काळं जे काय व्हायचं ते फडक्याला आतून होत होतं.

पॉलिश पेपर, मेण, लॅकर, पेंटरचे टोमणे, दोन आठवडे. वीतभर फडकं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण धातूचा दोष धातूवरच निस्तरायचा, एवढंच मला शिकवलेलं. मी खीर खाल्ली. घरी येताना हिला म्हणालो की चुकलो. ती म्हणाली, हो.

परीक्षेत त्याने पान लिहिलं. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला, असं तो सांगत होता. पुढच्या आठवड्यात स्टोअरच्या कारकुनीचा हुकूम आला. मी म्हटलं आता सवडीने लॅकर करू, साधन दे. त्याने दिलं नाही. कामात खंड नको, म्हणाला. त्याची बायको दर रविवारी पट्टी बदलायची.

पगाराच्या दिवशी रांगेत मी त्याच्या मागेच होतो. हाताचं असं झालं म्हणून त्याची नवी सही रजिस्टरमध्ये घ्यायची होती. पूर्वी तो दोन अक्षरं आणि खाली एक रेघ अशी सही करायचा. या वेळी त्याने पट्टा घट्ट केला, वाकला आणि लिहायला लागला. स्वतःचं नाव लिहिलं. मग बापाचं नाव लिहायला घेतलं, पूर्ण, एकेक अक्षर, काना-मात्रा सगळ्या. वेळ लागत होता. बाबू म्हणाला की भैया, छोटी सही कर, मागे एवढी लाइन आहे.

"पूरी ही होगी, बाबूजी," तो म्हणाला, मान वर न करता.

मागून कुणीतरी ओरडलं की काय महाभारत लिहितोय का. मी वळून त्याला खच्चून शिवी दिली. एवढी मोठी शिवी द्यावी असं तो काही बोलला नव्हता. पण मला रडू येत होतं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही.