गळ्याची राख, पोटाची राख

शितलबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजात ती प्रयोगशाळा परिचर. शिक्षण बीएस्सी. रोज आखाडा बाळापूरहून एसटीनं येते, काचसामान विसळते, चहा आणते. मी प्राध्यापक, आणि पाच वर्षांपासून पीएच.डी.च्या मागे.

विषय माझा प्लास्टिकच्या सुतळीचा, हळदीची पोती शिवतात तिचा. सुतळी ताणली की आत काय होतं, ते क्ष-किरणांनी पाहायचं. मोठ्या प्रयोगशाळेतून फोटो काढून आणले. न ताणलेल्या सुतळीच्या फोटोत सारखी गोल कडी होती. ताणलेलीच्या फोटोत कडी तुटून डाव्या-उजव्या बाजूला ठळक डाग उरले होते. मी सगळ्या दिशांची सरळ सरासरी काढली आणि उत्तर आलं, ताणल्यावर आतले स्फटिक कमी होतात! आजवर सगळे उलटं सांगत आले होते. आठ दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

शितल टेबल पुसत होती. फोटोपाशी थांबली.

"सर, सुतळी उभी धरली व्हती ना? मंग हे बाजूचे डाग सुतळीभवती गोल फिरतेत. फोटोत दोनच दिसले, पण खरं तर अख्खं कडं हाय. वरचं-खालचं मातर जागच्या जागी."

"मग?"

"घागर कधी घासली का तुमी? गळ्याला चिमूटभर राख लागते, पोटाला मूठभर. तुमी दोन्हीला सारखीच देऊन राहिले."

माझी चूक मला लगेच कळली. सुतळीच्या रेषेपासून जेवढा कोन, त्याच्या साइनइतकं वजन त्या दिशेला द्यायचं, म्हणजे वरच्या-खालच्या दिशांना कमी आणि बाजूच्या डागांना जास्त. हे मी पुस्तकात दहादा वाचलं होतं.

"तू टेबल पूस," मी म्हणालो.

ती गेल्यावर दार लावून सरासरी पुन्हा काढली. स्फटिक वाढले होते. शोध गेला, पण प्रबंध वाचला. खरं तर तिचे पाय धरायला हवे होते. मी मात्र जळत बसलो. राखेनं घागरी घासणाऱ्या हातांना हे सुचावं आणि मला नाही?

महिन्याभरानं सादरीकरण झालं. आधीची चुकीची सरासरी आणि नंतरची दुरुस्ती, दोन्ही मी दाखवल्या. मार्गदर्शक विश्वंभर सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सरासरीतली ही चूक कोणाच्या लक्षात आली?"

शितल मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तपासताना लक्षात आलं, सर."

"नजर चांगली आहे तुमची," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या.

हॉल रिकामा झाला. शितल कप गोळा करत माझ्यापाशी आली.

"सर, तवा दोन्हीला सारखी तरी दिली व्हती. आज समदी राख गळ्यालाच लावली तुमी, पोटाला चिमूटभर बी नाही."

लाज वाटलीच, पण त्याआधी हेवा वाटला. इतकं नेमकं बोलणं मला जन्मात जमलं नसतं.