मबरूकाने चाळलेलं मेण

कसर हलाल गावातल्या आमच्या सूतगिरणीत मबरूकाने एकतीस वर्षं काढली. शिक्षण चौथीपर्यंत. धागा कुठे बिघडलाय हे ती बोटांनी ओळखायची, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

एका उन्हाळ्यात अनीस नावाचा तरुण इंजिनिअर नवा धागा काढायला आला. या धाग्याच्या पोटात मेणाचे अगदी बारीक कण होते, प्रत्येकाला पातळ कवच. अंग तापलं की मेण कवचातच वितळून उष्णता शोषून घेणार, गारवा आला की गोठून ती परत देणार. पण तीन आठवडे धागा नुसता तुटत होता. मबरूकाने एक लड बोटांत चोळली.

"बाळा, तुझं मेण धाग्यात नाही, माझ्या हातावर आहे."

"कवचं फुटतायत, मावशी. का ते कळत नाही."

"दाणे सारखे आहेत का?"

"सरासरी बरोबर आहे."

"माझ्या सुनेच्या रव्याच्या कुसकुसचीही सरासरी बरोबर असते. काही दाणे वाटाण्याएवढे, बाकी पीठ. चाळत का नाहीस?"

अनीस हसला, आणि हसता हसता यंत्राकडे वळला. धागा ज्या बारीक भोकांतून बाहेर पडतो, तिथेच मोठे कण चिरडले जात होते. त्याने त्याहून बारीक जाळी मागवून सगळं मिश्रण गाळलं. चौथ्या आठवड्यात धागा न तुटता निघाला. मबरूकाची बोटं कोरडी राहिली.

त्या धाग्याची पहिली बंडी तिलाच मिळाली. तिने ती नवऱ्याला, तिजानीला दिली. तो सूस शहरापर्यंत भाड्याची गाडी चालवायचा.

"अगं, तुझी बंडी अर्ध्या वाटेत संपली," संध्याकाळी तो म्हणाला.

"संपेल कशी? मेण वितळून झालं. सावलीत थांब, गोठू दे."

तिजानीने हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तो वाटेत दोनदा थांबला, बंडी कॅफेतल्या पंख्याखाली टांगून चहा पीत बसला. मागच्या सीटवरची म्हातारी शेवटी म्हणाली, "तुझी बंडी गोठेपर्यंत आम्ही वितळायचं का?"

आठवडाभरात त्याचे नेहमीचे प्रवासी दुसऱ्यांच्या गाड्यांत बसू लागले. मबरूकाने अनीसकडून दुसरी बंडी आणली: एक अंगात, एक बर्फाच्या डब्यात. गाडी पुन्हा वेळेवर धावू लागली.

अनीसने अहवालात तिचं नाव घातलं, 'धागा-परीक्षक' म्हणून. तिने ते पान गिरणीचा हिशेब लिहिणाऱ्या माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नावात एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत ती अनीसच्या टेबलापासून हलली नाही.