काठोकाठ बशी

चामोर्शीच्या आमच्या मिस्त्रीभाऊंकडे ऑटोमॅटिक गाडी नेली, की जागा सपाट आहे का ते पाहायला ते आधी चहाची बशी जमिनीवर ठेवतात. चहा एका काठाला सरकला, तर गाडी हलवायची.

"गिअरचं तेल टाका न भाऊ पटकन!"

"घाई काऊन करता? थंड्या गाडीचं माप खोटं राह्यते, तेल तापलं का फुगते. पुलापर्यंत फिरवून आना."

मग चालू इंजिनावर सगळे गिअर फिरवतात, तेल मोजायची पट्टी पुसतात, बुडवतात, हुंगतात आणि घोटभर तेल ओततात.

परवा मी घरीच, थंड गाडीत, भरपूर तेल ओतलं. मग गाडी नेली, तेव्हा भाऊंनी पट्टी पाहिली, पिचकारीनं जादा तेल काढलं, रागावले नाहीत. फक्त बाकड्यावर बशी ठेवून काठोकाठ चहा भरला.

"हे घेऊन पुलापर्यंत फिरून या."

न सांडता बशी उचलवेना. शेवटी त्यांच्यासमोर वाकूनच प्यालो.